हृष्यामि: संजयाचं क्रियापद आणि आपलं ‘एन्जॉय’



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 76 आणि 77.

गीता आता संपत आली आहे. कृष्णाचं सांगून झालंय. 73व्या श्लोकात अर्जुनानेही ‘तू म्हणशील तसं करतो’ असं सांगून विषय मिटवलाय. आता बोलतोय तो संजय. म्हणजे ज्याने आख्खी गीता आपल्यापर्यंत पोचवली, पण ज्याच्याकडे आपण फारसं बघतच नाही, तो. या दोन श्लोकांत तो एकच क्रियापद दोनदा वापरतो: हृष्यामि. मी हर्षतो. आणि दोन्ही वेळा सोबत ‘पुन्हा पुन्हा’ आहेच.

आपल्यापैकी बरेच जण गीता इंग्रजी अर्थासकट वाचतात. (मीही कॉलेजात तशीच सुरू केली. मेसच्या टेबलावर, पॉकेट साईझ.) अनेक इंग्रजी भाषांतरांत इथे ‘रिजॉइस’ हे क्रियापद मिळेल. आता तेच पुस्तक मागे उलटा आणि 12.17 काढा. कृष्णाला प्रिय असणाऱ्या भक्ताची लक्षणं चालू आहेत, आणि पहिलंच लक्षण काय? तो हर्षत नाही. मूळ संस्कृतात तोच धातू आणि इंग्रजीतही बहुतेक ठिकाणी तोच ‘रिजॉइस’.

म्हणजे बाराव्या अध्यायात ‘हर्षत नाही तो मला प्रिय’, आणि अठराव्यात संजय उघड सांगतोय की मी हर्षतो, परत परत हर्षतो. मग संजय नापास का? कोडमध्ये असं दिसलं तर आपण म्हणतो, दोन मोड्यूल्समध्ये कॉन्फ्लिक्ट आहे. ग्रंथात दिसलं की मात्र आपण डोळे मिटून पुढे जातो. मला पुढे जाता आलं नाही.

मग आपल्याला जमतं ते केलं. गीतेची टेक्स्ट फाईल घेतली आणि ‘हृष्’ आणि ‘हर्ष’ दोन्ही सर्च मारले. गंमत म्हणजे अर्धा कचराच आला. ‘हृष’ला सगळे हृषीकेश सापडले आणि ‘हर्ष’ला सगळे महर्षी! ते बाजूला काढल्यावर जे उरलं ते एका ओळीत लावून पाहण्यासारखं आहे.

गीतेतला पहिला हर्ष कुणाचा? दुर्योधनाचा. 1.12 मध्ये त्याला हर्ष व्हावा म्हणून भीष्म शंख फुंकतात. बिचाऱ्याला स्वतःचा हर्षसुद्धा स्वतःला होत नाही, दुसऱ्याने वाजवून द्यावा लागतो. मग 1.29, तिथे अर्जुनाच्या अंगावर काटा आलाय, रोमहर्ष. इथे आनंदाचा संबंध नाही, चक्क भीतीचा काटा आहे. कारण ‘हृष्’चा जुना अर्थच मुळी केस उभे राहणं असा आहे, आनंद हा अर्थ त्याच्यावर नंतर चढला. 5.20 मध्ये सांगितलंय की प्रिय मिळाल्यावर हर्षून जाऊ नये. अकराव्या अध्यायात विश्वरूप बघून अर्जुनाला पुन्हा काटा येतो, आणि 11.45 मध्ये तो एकाच दमात सांगतो की मी हर्षलोय आणि माझं मन भीतीने कापतंय. बाराव्यात दोन उल्लेख. 18.27 मध्ये हर्ष-शोकात हेलकावणारा तो राजस कर्ता. आणि सगळ्यात शेवटी संजय.

म्हणजे दुर्योधनापासून संजयापर्यंत हा प्रवास आहे. एकच धातू, पण प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न वेगळा: हर्ष कशामुळे?

12.17 वर शंकराचार्यांनी भाष्य करताना एवढंच केलंय. हर्षत नाही, म्हणजे कशाने हर्षत नाही? तर हवी ती वस्तू मिळाल्याने. बंदी आनंदावर नाहीच. बंदी आहे ती ‘मिळालं म्हणून’ या कारणावर. आता संजयाचं वाक्य बघा. त्याच्या क्रियापदाआधी ‘मिळवून’ असा शब्द नाही. ‘संस्मृत्य’ आहे, तोही लागोपाठ दोनदा. आठवून, आठवून. संजयाला या संवादातून काय मिळालं? राज्य नाही, बढती नाही. तो राजाच्या पदरी असलेला सूत, आणि जे सांगतोय त्याने त्याच्याच मालकाचं घर बुडणार आहे. तरी हर्षतोय.

इथे इंग्रजीच्या व्याकरणाने मला फार मदत केली, म्हणून आज थोडा इंग्रजीचा तास घेतो. कंटाळा करू नका.

आनंदासाठी आपल्या तोंडी असलेलं इंग्रजी क्रियापद म्हणजे ‘एन्जॉय’. हे क्रियापद सकर्मक आहे. त्याला पुढे काहीतरी लागतंच. ‘आय एन्जॉयड द ट्रेक.’ काय एन्जॉय केलं? ट्रेक. ‘शी एन्जॉइज सिंगिंग.’ काय? गाणं. (‘एन्जॉइज टू सिंग’ असं होत नाही, हे जाता जाता. इंटरव्ह्यूमध्ये हमखास चुकणारी जागा.) काहीच कर्म नसेल तर इंग्रज माणूस निदान स्वतःला तरी तिथे बसवतो: ‘आय एन्जॉयड मायसेल्फ.’ आपलं ‘वी एन्जॉयड अ लॉट’ त्यांना अर्धवट वाटतं. अ लॉट, पण काय? नुसतं ‘एन्जॉय!’ एवढं मात्र आता हॉटेलात वाढताना जगभर म्हणतात.

या शब्दाचा दुसरा अर्थ ऑफिसातल्यापेक्षा कोर्टात जास्त दिसतो. मालमत्ता ‘एन्जॉय’ करणं म्हणजे तिचा उपभोग घेणं, ती ताब्यात असणं. घर भाड्याने घेताना इंग्रजी करारनाम्यात ‘क्वाएट एन्जॉयमेंट’ असं कलम असतं. त्याचा अर्थ शांतपणे मजा करा असा नाही. भाडेकरूच्या उपभोगात मालक अडथळा आणणार नाही, असा आहे. तेव्हा एन्जॉयच्या पोटात ताबा आहे, भोग आहे. वस्तू हवी आणि ती माझ्या हातात हवी.

‘रिजॉइस’ याचा सख्खा भाऊ. दोघांच्याही पोटात तोच ‘जॉय’, जुन्या फ्रेंचमधून आलेला आणि मुळात लॅटिन. पण व्याकरण अगदी उलटं. रिजॉइस हे बहुतेक वेळा अकर्मक. ‘दे रिजॉइस्ड.’ पूर्णविराम. वाक्य पुरं झालं. कारण सांगायचंच असेल तर ‘अ‍ॅट’, ‘इन’, ‘ओव्हर’ असा छोटा शब्द मध्ये घालावा लागतो: ‘दे रिजॉइस्ड अ‍ॅट द न्यूज.’ बातमी कारण आहे, पण ती भोगायची वस्तू नाही. ट्रेक रिजॉइस करता येत नाही, आंबा रिजॉइस करता येत नाही. रोजच्या बोलण्यात हा शब्द आता फारसा नाही. प्रार्थनेत, गाण्यात, जुन्या पुस्तकांत आढळतो. बोलण्यात राहिला तो एन्जॉय, म्हणजे जो वस्तूशिवाय चालत नाही तोच.

आणि मराठी? मराठीत तर आनंद हा आपण करतच नाही. तो आपल्याला होतो. ‘मला आनंद झाला.’ इथे कर्ता आनंद आहे आणि मी नुसता ‘मला’. पाऊस येतो, झोप येते, ठसका लागतो, तसाच आनंद होतो. आपल्या आज्यांना हे बरोबर ठाऊक होतं. त्यांच्याकडे अजून एक सुंदर क्रियापद होतं: हरखणे. ‘नातू आला आणि म्हातारी हरखली.’ हर्षाचं हरिख झालं, हरिखाचं हरखणं. हरखायलाही कर्म लागत नाही. रिजॉइसला याच्याहून चांगला मराठी शब्द मला माहीत नाही. आपण मात्र म्हणतो ‘मी एन्जॉय केलं’. मी कर्ता, एन्जॉय हे काम. केलं, संपलं, तिकीट क्लोज.

हाच तास मी मागच्या दिवाळीनंतर एका खऱ्याखुऱ्या वर्गात घेतला होता. ऑफिसचे आम्ही काही जण शनिवार-रविवार मुलांना इंग्रजी शिकवायला गेलो होतो, वांगणीला. मुंबईकरांनो, बदलापूरच्या पुढची लोकलवाली वांगणी नव्हे. ही पालघर जिल्ह्यातली, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातली. सहावी-सातवीची मुलं. घरी वारली किंवा कोकणा बोलणारी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी म्हणजे त्यांच्यासाठी तिसरी भाषा. फळ्यावर मी लिहिलं, ‘आय एन्जॉय’ आणि पुढे रिकामी रेघ. गाळलेली जागा भरा.

क्रिकेट आलं, मोबाईल आला, आंबा आला, पोहणं आलं. एका मुलीने मात्र रेघेवर काहीच लिहिलं नाही आणि ‘आय’ खोडून ‘वी’ केलं. वी एन्जॉय. मी विचारलं, काय एन्जॉय करता? ती म्हणाली, नाचतो. मग म्हटलं, डान्सिंग लिही पुढे. तिने लिहिलं, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. तिच्या डोक्यात नाच ही एन्जॉय करायची वस्तू नव्हती. नाचतो म्हणजेच एन्जॉय, दोन वेगळ्या गोष्टी कुठे आहेत, असा तिचा चेहरा होता.

ती बोलत होती तारप्याबद्दल. भाताची कापणी झाली की या भागात तारपा वाजायला लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा भोंगा आणि जोडायला मेण, एवढ्यात ते वाद्य होतं. वाजवणारा मध्ये, आणि बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती साखळी धरतात. साखळी गोल फिरत आत वळत जाते. तुमच्या कुर्त्यावर, ऑफिसच्या लॉबीतल्या भिंतीवर वारली चित्रातला जो गोल असतो ना, तो हाच. त्या गोलात एक गोष्ट शोधून बघा: प्रेक्षक. सापडणार नाही. गोलाबाहेर बसून तो एन्जॉय करणारा कुणी मुळात ठेवलेलाच नाही.

आता इथून लगेच ‘बघा, गरीब असूनही किती आनंदी आहेत ही माणसं!’ या वाक्याकडे जायचा मोह होतो. गाडीत परतताना हे वाक्य निघालंच. मला ते वाक्य सहन होत नाही. कारण वांगणी हे नाव महाराष्ट्राला नाचामुळे माहीत झालेलं नाही. 1992 साली वावर-वांगणी हे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं ते कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता; पालघर जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. शंभराहून अधिक मुलं गेल्याच्या त्या बातम्या होत्या. नंतर कित्येक वर्षं ‘वावर-वांगणी’ हा शब्दच कुपोषणाला पर्याय म्हणून वापरला गेला. त्या वर्षी जी बाळं गेली ती आज असती तर माझ्या वयाची असती. त्यांच्यातल्या कुणाची मुलगी त्या वर्गात बसली असती.

तेव्हा हर्षावर चिंतन लिहिताना अन्नाला वळसा घालून जाता येत नाही, आणि आपले ग्रंथ तो घालतही नाहीत. तैत्तिरीय उपनिषदातली भृगुवल्ली काढा. (मघाशी सर्चमध्ये जे महर्षी सापडले त्यांतला एक भृगू. 10.25 मध्ये कृष्ण म्हणतो, महर्षींमध्ये मी भृगू.) भृगू वडिलांना, वरुणाला विचारतो, ब्रह्म काय ते शिकवा. वरुण सरळ उत्तर देत नाही, तप कर म्हणतो. भृगूला पहिलं उत्तर सापडतं ते अन्न. मग प्राण, मग मन, मग विज्ञान, आणि पाचव्या खेपेला आनंद. आनंद सगळ्यात वरच्या पायरीवर आहे हे आपण कीर्तनात ऐकतो. पण पहिली पायरी अन्नाची आहे, आणि आनंद सापडल्यानंतर उपनिषद संपत नाही, ते परत अन्नावर येतं. अन्नाची निंदा करू नये, अन्न भरपूर पिकवावं, दारी आलेल्याला परत पाठवू नये. ही सगळी व्रतं आनंदाच्या नंतर सांगितली आहेत! ज्याला आनंद कळला त्याच्यावर आता दुसऱ्याच्या ताटाची जबाबदारी आली, असं मी ते वाचतो. कुपोषणाला उत्तर नाच नव्हे. नागली, वरई, भात, डॉक्टर, रस्ता, वेळेवर मिळणारा पोषण आहार ही उत्तरं आहेत. भुकेल्या माणसाला हर्षाचा उपदेश करणं हा त्या उपनिषदाचा अपमान होईल.

पण मग तो नाच खोटा का? नाही. इथेच मी संजयाकडे परत येतो.

आपण समजतो की संजय युद्धाचं लाईव्ह प्रक्षेपण करत होता: पहिला दिवस, दोन्ही सैन्यं उभी, अजून एकही बाण सुटलेला नाही, आणि तो राजाला गीता सांगतोय. महाभारतातलं भीष्मपर्व उघडून पाहिलं तर क्रम वेगळा आहे. संजय रणभूमीवरून परत येतो आणि धृतराष्ट्राला पहिली बातमी देतो ती भीष्म पडल्याची. म्हणजे युद्धाचे दहा दिवस होऊन गेलेले आहेत. आजोबा बाणांच्या शय्येवर आहेत. धृतराष्ट्र आक्रोश करतो, आणि मग म्हणतो, आता सगळं पहिल्यापासून सांग. त्या ‘पहिल्यापासून’मध्ये गीता येते.

हे कळल्यावर 18.76 पूर्वीसारखा वाचता येत नाही. ‘हृष्यामि’ म्हणणारा माणूस प्रेतं बघून आलेला आहे. दहा दिवसांत काय झालं ते त्याला पाठ आहे, पुढे काय होणार तेही दिसतंय. त्या प्रेतांवरून तो नजर वळवत नाही. बातमी त्याने सगळ्यात आधी सांगितलीच आहे. आणि त्यानंतर, ते न लपवता, तो म्हणतो की जे ऐकलं ते आठवलं की मी हर्षतो. हा हर्ष दुःखाची भरपाई नाही आणि दुःखावर घातलेलं पांघरूणही नाही. दोन्ही एकाच माणसात शेजारी शेजारी आहेत. ‘असूनही’ हा शब्द संजय वापरत नाही. त्या मुलीनेही वापरला नव्हता. तो गाडीत वापरला गेला.

विनोबांनी गीताईत या दोन श्लोकांचं जे केलंय ते मला वांगणीहून आल्यावर नव्याने दिसलं. 7 ऑक्टोबर 1930 ला त्यांनी गीताई लिहायला घेतली आणि 6 फेब्रुवारी 1931 ला संपवली. संस्कृत न येणाऱ्या आईला समजेल अशी गीता हवी होती म्हणून. त्यामुळे शब्द ते फार जपून, घरातले निवडतात. 76व्या श्लोकात त्यांनी हृष्यामिसाठी हर्षणे हेच क्रियापद ठेवलंय. पुढच्याच श्लोकात, संस्कृतात हुबेहूब तेच क्रियापद असताना, त्यांनी ते बदललं आणि संजयाला नाचायला लावलं. नाचतो. रुक्ष म्हणून ज्यांची ख्याती, सूत कातणारे, मोजून जेवणारे विनोबा, आणि त्यांना तिथे नाचच सुचला! मला वाटतं त्यांनी धातूचा मूळ अर्थ पकडला. हृष् हे शरीराचं क्रियापद आहे. काटा आधी अंगावर येतो, मनाला नंतर कळतं.

आजचा अभ्यास सोपा आहे. दिवसभरात तुम्ही जिथे जिथे ‘एन्जॉय’ म्हणाल तिथे थांबून कर्म शोधा. काय एन्जॉय केलं? उत्तर लगेच मिळालं, बिर्याणी, सिरीज, लाँग वीकएंड, तर छान, त्यात वाईट काही नाही. तो शब्द त्यासाठीच आहे. उत्तर मिळालं नाही, रेघ रिकामीच राहिली, तर तिथे एन्जॉय खोडून हरखलो लिहून बघा. झोपायच्या आधी 76 आणि 77 मोठ्याने म्हणा. ‘हृष्यामि’तला ऋ रु किंवा रि असा घाईत उरकू नका.

आणि धृतराष्ट्राकडेही एकदा बघा. नवव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानेश्वरांनी त्याला पुराच्या पाण्यात निवांत बसून राहिलेल्या रेड्याची उपमा दिली आहे. एवढं ऐकून हा माणूस जागचा हलत नाही, म्हणून तिथे संजयच मनात चकित होतो. इथे शेवटीही तसंच. 1.1 मध्ये ‘माझ्यांनी आणि पांडूच्यांनी काय केलं’ हा एक प्रश्न विचारल्यावर संपूर्ण गीतेत धृतराष्ट्राचा एकही शब्द नाही. समोर संजय दोनदा ‘राजन्’ म्हणून हाक मारतो, 76 मध्ये एकदा, 77 मध्ये एकदा. राजा गप्प.

उद्या 78.